कशावरून सर

खरं तर हे मी सांगू नये. सांगायचा हक्क मी एका दुपारी माझ्या हातानं घालवून बसलोय. पण माझ्याबिगर सांगणारं दुसरं कोण न्हाई. मधीच माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका, तो राग माझा माझ्यावरच हाय.

मी नाथाजी. पलूसच्या अंगाला कृष्णाकाठी आमचं गाव, आणि गावातच कॉलेज. तिथं मी बत्तीस वर्सं शिपाई हुतो. व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला, त्याच्यावर लोखंडी दांड्यानं टोल द्यायचं काम माझं. बत्तीस वर्सांत सवय अशी लागली की घड्याळ न बघता येळ सांगतो मी. दोन मिंटं इकडं न्हाईतर दोन मिंटं तिकडं, त्याच्यापरास जास्त चूक न्हाई.

दोन हजार चारच्या जूनमधी भिंगारदिवे सर आलं. मिलिंद धोंडिराम भिंगारदिवे. माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पल्याडचं. वडील जन्मभर मुंबईला गोदीत. सरांचा इषय तत्त्वज्ञान आणि नेमणूक तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्वावर म्हंजी काय, तर जेवढं तास घ्याल तेवढ्यापुरतं तुमी मास्तर. टोल झाला, तास संपला, मास्तरकी संपली. उद्याचं उद्या. सर पहिल्याच दिवशी मला म्हणालं, "नाथाजी, या कॉलेजात तत्त्व दोनच ठिकाणी उरलंय. एक माझ्या विषयात आणि दुसरं माझ्या नेमणुकीत." मला तवा काय कळलं न्हाई, पण हसलो. मोठा माणूस हसला की शिपायानं हसायचं असतं.

सरांचा वर्ग जिन्याजवळचा, शेवटचा. माझं स्टूल बरोबर त्याच्या दाराशी. वर्गात पोरं सात-आठ, कधी कधी चारच. बाकीची सगळी मराठी, इतिहासाकडं. पण त्या वर्गातनं दिवसभर एक शब्द भाईर यायचा. "कशावरून?"

पोरगं म्हणालं, सर, आज पाऊस येणार. कशावरून? सर, देव हाय. कशावरून? दुसरं म्हणालं, सर, देव न्हाई. तरी आपलं, कशावरून? पोरांनी म्हैन्याभरात नाव पाडलं, कशावरून सर. चहाच्या टपरीवरची अंबूबाई तर तोंडावरच म्हणायची.

"घ्या कशावरून सर, च्या. गोड केलाय आज."

"कशावरून?"

"आवं, साखर घातलीया की मी! माज्या हातानं!"

"मग हे तुमचं प्रत्यक्ष झालं, अंबूबाई. माझं अजून व्हायचंय," म्हणत सर पहिला घोट घ्यायचं, आणि अंबूबाई पदर तोंडाला लावून हसायची.

स्टुलावर बसून मी काय काय ऐकलं, काय सांगू. ग्रीस देशात सॉक्रेटिस नावाचा म्हातारा हुता, लोकांस्नी बाजारात गाठून इचारायचा, तुमाला हे कसं कळलं? शेवटी त्याला इख पाजलं. आपल्याकडं चार्वाक हुता, तो म्हणायचा, डोळ्यांनी दिसंल तेवढंच खरं. त्याची पोथी कुणी राखलीच न्हाई, जे त्याला शिव्या देत हुतं त्यांच्याच लिखाणात तो उरला. आणि बुद्धांनी सांगितलं, मी म्हणतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. सर म्हणायचं, "राजे येतात आणि जातात. पण एखादा प्रश्न नीट विचारला गेला, की लोक पुन्हा पहिल्यासारखे राहत नाहीत."

एकदा कुण्या पोरीनं इचारलं, "सर, कशावरून?"

सर लय खूश झालं. म्हणालं, "माझ्या आजोबांवरून. गावानं त्यांना सांगितलं, तुम्ही खालचे. त्यांच्या बापाला सांगितलं, आज्याला सांगितलं. छप्पन्न साली आजोबांनी पहिल्यांदा विचारलं, कशावरून? गावात कुणालाच उत्तर देता आलं नाही. तिथून आमच्या घराचा इतिहास बदलला. माझ्या वडिलांनी माझं नाव ठेवलं तेही प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं. राजा असून भिक्षूपुढं बसला आणि विचारत राहिला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पाटलाच्या भावकीतला. भाईर स्टुलावर मी खाली मान घालून नखं बघत बसलो.

एक दिवस पावसानं एकबी पोरगं आलं न्हाई. सर वर्गात एकटंच. मी म्हटलं, जावा की सर घरला. तर म्हणालं, "तास घेतला तरच मी मास्तर, नाथाजी. या, बसा पुढं." आणि त्या दिवशी माझा तास झाला. पहिल्या बाकावर, ओल्या टोपीसकट.

माणसाला एखादी गोष्ट कळते ती चार वाटांनी, सर म्हणालं. डोळ्यांनी बघितलं, ते प्रत्यक्ष. फडाच्या मागं धूर दिसला म्हंजी गुऱ्हाळ पेटलंय, हे अनुमान. गवा कधी बघितला न्हाई, पण कुणीतरी सांगितलं म्हशीगत असतो, आणि रानात दिसल्यावर वळखला, हे उपमान. आणि चौथी वाट शब्दाची. तिला म्हणायचं आप्तवाक्य.

"आप्त म्हंजी पाव्हणंरावळं न्हवं का?" मी इचारलं. लग्नाच्या पत्रिकेत असतंय की, आप्तेष्टांसह यावे.

"ते व्यवहारातलं. शास्त्रात आप्त वेगळा. त्याच्या अटी दोन. एक, त्याला ती गोष्ट खरोखर माहीत असली पाहिजे. दोन, तो खोटं बोलणारा नसला पाहिजे. मग तो कुठल्या का घरातला असेना. चार्वाकाला ही वाट मान्य नव्हती. मला मान्य आहे."

"का बरं?"

सरांनी दोन्ही मनगटं वर करून दाखवली. मोकळी. "मी घड्याळ वापरत नाही. तुम्ही टोल दिला की तास संपला. मी कधी खात्री करून घेतली? जर्मनीत कांट नावाचा तत्त्वज्ञ होता. तो फिरायला निघाला की लोक आपली घड्याळं लावायचे. इथं उलटं आहे. इथला तत्त्वज्ञ शिपायावर घड्याळ लावतो."

आणि खरंच सांगतो, साऱ्या जगाला कशावरून इचारणाऱ्या ह्या माणसानं मला एकदाबी कशावरून इचारलं न्हाई.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी कॉलेजात शिरलं. ऑफिस तळमजल्याला. प्राचार्यांचा फोन आला, महत्त्वाचं तेवढं वर न्या. मी एकटाच. पक्क्या मास्तरांचं मस्टर वर नेलं, संस्थापकांचा फोटो नेला, ढाली नेल्या. पाणी गुडघ्याला लागलं. खालच्या कपाटात तासिकावाल्यांची मस्टरं हुती, पंधरा वर्सांची, लाल फडक्यात बांधलेली. पलीकडच्या खोलीत संस्थेचं सचिव लालासाहेब बसायचं ती फिरती खुर्ची. आणखी एकच खेप हुणार हुती.

मी खुर्ची नेली.

तासिकेचं मस्टर काय, दर वर्सी नवं. पण खुर्ची भिजली तर लालासाहेब मलाच इचारणार. एवढाच हिशोब माझ्या डोक्यात. पाणी वसरल्यावर कपाट उघडलं तर आत नुसता लगदा. सरांनी इचारलं, "मस्टरं गेली का हो?" मी म्हटलं, "पाण्याचा जोर लय हुता सर, येळच घावला न्हाई."

सरांनी मान डोलावली. "असू दे. मी शिकवलंय, तुम्ही टोल दिलाय. मस्टर काय, त्याची सावली." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला आजूनबी जड वाटतोय.

तेवीस साली जागा भरायची परवानगी आली. तत्त्वज्ञानाची एकच जागा, पक्की. सरांचं वय सत्तेचाळीस. मुलगी प्रियदर्शनी नववीला. आता न्हाई तर कधीच न्हाई, हे सरांस्नीबी ठावं हुतं. सरांच्या मंडळी, स्वप्ना वहिनी, एकदा कॉलेजात आल्या, मला म्हणाल्या, "नाथाभाऊ, एकदा त्यांचं नाव पाटीवर लागलं की मी देवाला, म्हणजे देवाला नाही हो, तुम्हालाच पेढे देईन." सगळं अडलं हुतं ते एकोणीसच्या आधीच्या पंधरा वर्सांच्या दाखल्यावर. दाखला संस्थेनं द्यायचा, आणि संस्थेकडं मस्टर न्हाई. लालासाहेबांच्या मनात त्यांच्या मेव्हण्याची सून हुती, हे अख्ख्या ऑफिसला ठावं. तरी दाखला दिला असता तर सरांना डावलणं अवघड गेलं असतं. म्हणून चौकशी ठेवली. पुरावा द्या म्हणालं.

सरांनी अर्ज लिवला आणि मला वाचून दाखवला. खाली लिवलं हुतं, पुरावा : आप्तवाक्य. आप्त : श्री. नाथाजी, शिपाई.

"आवं सर, सरळ साक्षीदार लिवा की! त्यास्नी हे कळंल व्हय?"

"साक्षीदार कुणीही असतो, नाथाजी. बघितलं की झाला साक्षीदार. आप्त तसा नसतो. योग्य शब्द असताना दुसरा कशाला वापरू?"

हीच त्यांची खोड. शब्दाला शब्द बरोबर पायजे. दुसरा कुणी असता तर चार वळखीच्या लोकांची पत्रं आणून टाकली असती. जुन्या पोरांस्नी बोलवा म्हटलं तर म्हणालं, "कुणी फौजेत, कुणी पुण्याला कंपनीत. एका दाखल्यासाठी रजा टाकायला लावू? तुम्ही आहात की."

चौकशीच्या आदल्या दिवशी हेडक्लार्क बाळासो मला जिन्यात गाठून म्हणाला, "वीरधवलचा कागद साहेबांच्या टेबलावर हाय बरं का. उद्या सही हुईल." वीरधवल माझा थोरला. संस्थेच्या हायस्कुलात तात्पुरता क्लार्क, सहा वर्सं लटकलेला. बाळासो दुसरं काय बोलला न्हाई. बोलायची गरजच नव्हती.

दुपारी लालासाहेबांच्या खोलीत बोलावलं. ते त्याच फिरत्या खुर्चीवर. बाजूला प्राचार्य आणि बाळासो. सर समोर उभं, मी दारात. लालासाहेबांनी अर्ज हातात धरला आणि मोठ्यानं वाचला.

"आप्त? आप्त नाथाजी?" खुर्ची गर्रकन फिरवली. "काय रं नाथाजी, सोयरीक कवा जमवली? सांगितलं न्हाईस आमास्नी!"

सगळी हसली. बाळासो तर टेबलावर हात मारून हसला. माझी कानशिलं तापली.

"मग सांग की गड्या. तू ह्यांचा आप्त हायस?"

मला उत्तर येत हुतं. ह्या खोलीत ते उत्तर येणारी माणसं दोनच, सर आणि मी. मला एवढंच म्हणायचं हुतं, साहेब, आप्त म्हंजी पाव्हणा न्हवं, आप्त म्हंजी ज्याला ठावं हाय आणि जो खोटं बोलत न्हाई तो, आणि मी ह्यांचा आप्त हाय. पंधरा वर्सं मी टोल दिलाय आणि पंधरा वर्सं ह्येनी शिकवलंय. टेबलावर वीरधवलचा कागद पडला हुता. वर पेपरवेट.

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "ते आमच्यातलं न्हाईत."

सर माझ्याकडं वळलं. रागानं न्हाई. वर्गात एखादं पोरगं चुकलं की त्याला दुसरी संधी देताना बघायचं, तसंच बघितलं. "नाथाजी, ते कुठल्या अर्थानं विचारताहेत ते बघा. मग सांगा."

"मला अर्थबिर्थ कळत न्हाई सर. मी शिपाई माणूस."

थू माझ्या जिनगानीवर.

बाळासोनं लगोलग लिवलं, साक्षीदार आप्त असल्याचे नाकारतो. लालासाहेबांनी अर्ज बाजूला सारला. "मग भिंगारदिवे, तुमी पंधरा वर्सं शिकवलं, हे आमी कशावरून मानायचं?"

सर थोडंसं हसलं, म्हंजी नुसतं ओठ हललं.

"बरोबर विचारलंत. हा प्रश्न मीच शिकवत आलोय. त्याच्यावर कसा रागावू?" त्येनी पिशवी उचलली. मला वाट सोडायला लागली, दारात मीच उभा हुतो.

चौथा तास सरांचा हुता. मी टोल दिला. सर वर्गात गेलं, तास घेतला, पुढच्या टोलाला भाईर आलं. माझ्याकडं बघून रोजच्यासारखी मान हलवली. म्हैनाअखेरीला ते कॉलेज सोडून गेलं. दोन वर्सांत तत्त्वज्ञान हा इषयच बंद झाला, ती जागा मिळालेल्या सूनबाईंस्नीबी आता ग्रंथालयात बसवलंय. वीरधवल पक्का झाला. घरात पेढं आलं. विजयमाला, माझी मंडळी, म्हणाली, "आवं, पोराचं भलं झालं, एक तरी खावा." मी तो परत ताटात ठेवला. तिला कारण सांगितलं न्हाई. काय सांगणार?

चोवीसच्या मे म्हैन्यात मी रिटायर झालो. मग वर्सभर मनाशी घोकत राहिलो आणि शेवटी पलूसला जाऊन स्टँपपेपरवर सगळं लिवून घेतलं. दोन हजार चार ते एकोणीस सरांनी शिकवलं, टोल मी दिला, चौकशीत मी खोटं बोललो. खुर्चीचंबी लिवलं. म्हटलं, आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण न्हाई.

सर महाबळेश्वरला हाईत असं अंबूबाईकडनं कळलं. कुठल्याशा हॉटेलात काउंटरवर. वहिनी आणि पोरगी दहिवडीलाच. जुलैत गेलो. तिथला पाऊस तुमाला ठावंच हाय, समोरचा माणूस दिसत न्हाई. हॉटेल निम्मं बंद, खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या. काउंटरमागं सर एकटं, अंगात हॉटेलचा कोट. केस पार पांढरं झालेलं.

"नाथाजी! या, या." स्वतः आत जाऊन च्या आणला. गावाकडचं इचारलं, अंबूबाईचं इचारलं, वीरधवलचंबी इचारलं. कप तसाच ठेवून मी कागद म्होरं सारला.

सरांनी सावकाश वाचला. एका ठिकाणी बोट थांबलं. "खुर्ची?"

"व्हय सर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "येळ हुता. मी खुर्ची नेली. तुमाला खोटं सांगितलं."

ती ओळ त्येनी परत पहिल्यापासनं वाचली. चौकशीतलं त्येनी सोसलं हुतं, पण हे त्यास्नी ठावं नव्हतं.

"सर, जावा हे घेऊन. कोर्टात जावा. मी येतो, कुठंबी उभा राहतो, खरं सांगतो."

"नाथाजी, आप्ताच्या अटी किती?"

"दोन," मी म्हटलं. "त्याला ठावं असावं. आणि तो खोटं बोलणारा नसावा."

"मग हा कागद त्यांच्यापुढं ठेवला, तर ते काय विचारतील?"

छपरावर पाऊस बडवत हुता. सर थांबलं. उत्तर आल्याबिगर पुढं जायचं न्हाई, ही त्यांची जुनी रीत.

"कशावरून," मी म्हटलं.

"हं." त्येनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "विषय तुम्हाला चांगला कळला होता. वर्गातल्या कित्येकांपेक्षा चांगला."

मला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंडात मारली असती तर पाय धरलं असतं. पण त्या माणसानं कप उचलून आत नेलं, इसळलं, पालथं घातलं. मी छत्री शोधली. चारची एसटी चुकवून चालणार नव्हतं.

"निघतो सर," मी म्हटलं. "पावणेचार झालं."

सरांनी कोटाची बाही मागं सारली. मनगटावर घड्याळ हुतं. ते त्येनी बघितलं.

"पावणेचार," ते म्हणालं. "बरोबर आहे तुमचं."